नमुना क्रमांक सतरा

मार्च सरत आला की रुदा श्लोन्स्कात
जुन्या कोळसा खाणीच्या ढिगाऱ्यावर
पानांच्या आधी फूल येतं.
पोदब्याऊ म्हणतात त्याला इथे.
पिवळं, बोटाच्या पेराएवढं,
भोवती काळा चुरा
आणि आतून कुठे अजून धुमसणारी ऊब.
पानं मागाहून, सावकाश,
खुराच्या आकाराची, खालून लव असलेली.

एवाल्ड कोत्सिबा, वय एकाहत्तर,
त्यातली सत्तावीस वर्षं सहाशे मीटर खाली,
प्रयोगशाळेच्या दारात उभा होता
कबुतरांच्या दाण्याची पिशवी घेऊन.
आत वाळलेली फुलं.
"तू आमच्या वरच्या मजल्यावरची ना?
मोठी यंत्रं आहेत म्हणे तुझ्याकडे.
बघ, हे खरं का खोटं."
दोन जिने चढून आला होता.
एवढं बोलायला त्याला
चार श्वास लागले.

मी खरं-खोटं मोजत नाही, म्हणाले नाही.
पिशवीवर आकडा टाकला: सतरा.

रात्री वाचत बसले.
लॅटिन नावातच खोकला आहे, आणि त्याला घालवणंही.
पण नाव म्हणजे पुरावा नव्हे,
नाहीतर आमच्या गल्लीतला शचेन्स्नी,
ज्याच्या नावाचा अर्थच सुखी,
तीनदा घटस्फोटित नसता.
पानाफुलांत बुळबुळीत रस असतो,
सोललेल्या घशावर तो हलका लेप देतो,
इथवर कुणाचा वाद नाही.
पुढे माणसांवरच्या चाचण्या शोधत गेले
तर हाताला उंदीर लागले.
त्यांची यकृतं. त्यांतल्या गाठी.
शेकडो वर्षं लोक पितात, असं सगळीकडे लिहिलेलं,
प्यायले त्यांचं पुढे काय झालं
ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

गुरुवारी कागदावर दोन शिखरं उठली.
सेन्किर्किन. आणि तिच्या उजवीकडे, बुटकी,
सेनेसिओनिन.
ढिगाऱ्यातलं थोडं शिसंही, न बोलावता आलेलं.

त्याच्या स्वयंपाकघरात बसून सांगितलं.
खिडकीच्या चौकटी लाल,
सेंट बार्बराच्या तसबिरीखाली इनॅमलची किटली.
"यकृताला किती वर्षं लागतात?"
सांगता येत नाही. कमी प्यायलात तर बरीच.
तो हसला, हसण्याचा खोकला झाला,
खोकल्याचं बराच वेळ काहीच झालं नाही.
मग म्हणाला,
"फुप्फुसं त्याआधी संपतील. म्हणजे फायद्यातच की."

हिशोब चुकीचा नव्हता.
मी गप्प. माझ्याकडे त्याच्या रात्रीला
दुसरं काही नव्हतं;
दवाखान्याचा फवारा त्याच्याकडे होताच,
आणि सुंठीवाचून खोकला जाण्याचे दिवस
खाणीतच राहिले.

तेवढ्यात उर्शुला आली, त्याची सून,
सातवा महिना, कमरेवर हात.
किटली उचलून तिने स्वतःला ओतलं,
मग छोट्या तिमेकच्या कपात अर्धं,
वर मध.
"सर्दी झालीय याला. बाबांचा चहा गुणकारी."

किटली एकच असते घरात.
ते माझ्या यंत्राने सांगितलं नव्हतं.

एवाल्डने माझ्याकडे पाहिलं.
काही विचारलं नाही.
उठला, तिमेकच्या हातातून कप घेतला,
तिचाही, अलगद,
आणि किटलीसकट सगळं मोरीत ओतलं.
मोरी पिवळी झाली, मग नुसती मोरी.
"पावसाने बुरशी आलीय फुलांना," तो म्हणाला.
खोटं. नमुना स्वच्छ कोरडा होता.

आता रात्री गरम पाणी आणि मध पितो.
मी विचारलं, फरक?
"अर्धा उतार पाण्याचाच असणार," म्हणतो,
"उरलेला अर्धा
ढिगारा चढून फुलं आणण्याचा."
मला नाही वाटत. मला माहीत नाही.
रुग्ण एक, तुलनेला कुणी नाही,
असा निष्कर्ष कुणी छापणार नाही.

परवा जिन्यात भेटला,
कोटाच्या खिशातून तीन पिवळी डोकी डोकावत होती.
माझी नजर गेली तशी
खिशावर हात ठेवला.
"पेल्यात ठेवायला," म्हणाला.

मी मान डोलावली.
वर जाईपर्यंत कानोसा घेत होते
किटलीचा.